खिंड उतरल्यावर कळवा

“जोडी एकच शिल्लक आहे,” राजेश्वरीताईंनी चपटं, जड खोकं काउंटरवर ठेवलं आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, “आणि गिऱ्हाईकं दोन.”

कौमुदीने मान वळवली. शेजारी एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. बाहेरच्या भुरभुर पावसाने चष्मा ओला झाला होता आणि तो ओल्याच शर्टाला पुसत असल्यामुळे अजूनच धूसर होत होता. तो मघापासून तिथे आहे, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. ध्यानात यायला तिचं चित्त ठिकाणावर कुठे होतं?

कौमुदी तळेगावची. आंदर मावळातल्या एका छोट्या शाळेत शिक्षिका. तिकडे जाणारी एसटी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि तीही मनात आलं तर. म्हणून तिने जुनी का होईना, एक गाडी घेतली होती. कान्हे फाट्यावर शाळेत खिचडी रांधणाऱ्या नंदाबाई चढायच्या, पुढे टाकव्याला आणखी दोघी शिक्षिका. गाडी भरली की गप्पांना ऊत यायचा. पण गेले काही दिवस ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं होतं. “बाई, गाडीला हिवताप आलाय व्हय?” नंदाबाईंनी विचारलं होतं, तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. मग सोमवारी शाळेखालच्या उतारावर एक म्हैस अचानक आडवी आली. कौमुदीने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण म्हशीच्या शिंगांना जवळजवळ टेकून. त्यानंतर कोणी हसलं नाही. नंदाबाई नुसत्या पदराने तोंड पुसत राहिल्या.

अंबाजी मेस्त्रींनी चाक खोलून दाखवलं. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी डिस्क झिजून पातळ झाली होती, तिच्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारखे चरे पडले होते, आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारे पॅड तर नावालाच उरले होते. लेथवर घासून भागणार नाही, म्हणाले. दोन्ही डिस्क आणि पॅड, सगळंच नवं हवं. कंपनीच्या मालाचा भाव ऐकून तिचा चेहरा उतरला, तेव्हा त्यांनीच कामशेतच्या राजेश्वरीताईंचं दुकान सुचवलं होतं.

आणि आता ताईंनी तीन पर्याय मांडले होते. कंपनीचा माल, महाग. हे खोकं, दुसऱ्या पण नावाजलेल्या कारखान्याचं, मध्यम. आणि कोपऱ्यात एक पांढरं खोकं, त्याच्यावर नाव नाही, गाव नाही, भाव मात्र निम्म्याहून कमी. कौमुदीची नजर पुन्हापुन्हा त्या पांढऱ्या खोक्याकडे जात होती.

“ते नका घेऊ,” शेजारचा माणूस हलकेच म्हणाला.

“तुम्ही दुकानातले आहात का?”

“नाही. मी… नुसताच येतो इथे.”

राजेश्वरीताई खुदकन हसल्या. हे श्रीयश, त्यांनी सांगितलं. लोणावळ्याला राहतात, पवनेकाठच्या एका कॅम्पसाइटचा हिशेब बघतात. यांची गाडीही तुमचीच, म्हणजे तुमच्याच मॉडेलची. गणपतीच्या आधीपासून डिस्क बघायला येतात, सगळं विचारतात, आणि हात हलवत परत जातात.

श्रीयशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण कौमुदीने विचारलं तसं त्याने सगळं सांगितलं, अगदी मनापासून, मध्येच स्वतःचं वाक्य खोडत. रोज शाळेत जाण्यायेण्याच्या गाडीला साधी, सपाट डिस्कच पुरते. भोकंभोकं पाडलेल्या डिस्क दिसायला झोकदार, आपल्याला उपयोग नाही. डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती बघून घ्यायची. बदलायच्या तर दोन्ही चाकांच्या एकदम. आणि काटकसर कुठेही करावी, पॅडमध्ये करू नये. ज्या खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, त्याला उद्या जाब कोणाला विचारणार?

“एवढं सगळं माहीत आहे,” ती म्हणाली, “मग तुम्ही का नाही घेतलं?”

“ठरत नाहीये,” तो म्हणाला.

त्या आठवड्यात कौमुदी पहिल्यांदा हसली. हसू आवरलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तो माणूसही हसतोय, पण खाली बघून.

ती जोडी तिने घ्यावी असं तोच म्हणाला. तिच्या गाडीत चौघीजणी बसतात, त्याच्या गाडीत तो एकटा. नवा माल आला की तो घेईलच. ती नको-नको म्हणत असतानाच ताईंनी पिशवी भरलीसुद्धा. पिशवी हातात आली आणि कौमुदीला दुसरीच शंका सुचली.

“तुम्ही कामावर जाता कुठून?”

“दुधिवरे खिंडीतून. सावकाश उतरतो हो मी. दुसऱ्या गिअरमध्ये.”

दुधिवरे खिंड! खाली पवनेचं पाणी दिसायला लागलं की रस्ता अक्षरशः कोसळत जातो. एका अनोळखी माणसाचे ब्रेक पिशवीत घालून आपण घरी चाललो आहोत, असं तिला वाटलं. पिशवीचे बंद हाताला काचायला लागले.

“उद्या खिंड उतरल्यावर कळवा मला,” ती म्हणाली. आणि आपला नंबर सांगितला. मग आपण काय बोललो हे कळून घाईघाईने जोडलं, “म्हणजे… नुसतं कळवा.”

दुसऱ्या दिवशी अंबाजींनी डिस्क आणि पॅड बसवले. थरथर गेली. नवे पॅड बसायला थोडे दिवस लागतील, जोरात हाणू नका, एवढंच त्यांनी बजावलं. नंदाबाईंनी निर्वाळा दिला, “आता कशी शान्यावानी थांबती.” कौमुदीची काळजी मिटायला हवी होती. ती मिटली नाही. काळजीने फक्त गाडी बदलली.

रोज सकाळी, प्रार्थनेच्या आधी, शाळेमागच्या टेकाडावर जाऊन ती फोन उंच धरायची. रेंज तिथेच यायची. मग एक शब्द उमटायचा – ‘उतरलो.’ ती ‘बरं’ एवढंच लिहायची आणि मुलांच्या रांगेकडे पळायची.

हळूहळू त्या शब्दाला शेपूट फुटलं. ‘उतरलो. आज धुकं इतकं, की माझ्याच गाडीचं बॉनेट दिसेना.’ तिने विचारलं, हे सांगायची गरज होती का? दुसऱ्या दिवशी त्याने कळवलं, ‘उतरलो. आज धुकं अजिबात नव्हतं.’

‘खोटं. आज तळेगावातसुद्धा धुकं होतं.’

‘तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून.’

‘आता जास्त वाटली.’

संध्याकाळी फोन व्हायला लागले. सुरुवात डिस्कने व्हायची. राजेश्वरीताईंचा माल अजून आला नाही, कंपनीचे घ्यायचे की थांबायचं. मग डिस्क मागे पडायची. त्याच्या वडिलांनी हौसेने घेतलेली गाडी, आता त्यांना नीट दिसत नाही म्हणून ती श्रीयशकडे आली. चष्म्याची फ्रेम निवडायला त्याला दोन महिने लागले होते आणि शेवटी आईने निवडली. कौमुदी सांगायची, तिला लहानपणापासून सगळ्या गोष्टींची आधीच भीती वाटते. सहलीच्या बसमध्ये चढतानाच ती मनात बस उलटवून मोकळी होते. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. पलीकडून तो म्हणाला, “मीसुद्धा. मी तर बसचे टायर बघून येतो आधी.”

एका रविवारी दोघं कामशेतला भेटले. माल आलेला नव्हता. समोरच्या टपरीवर चहा घेताना ती जरा चिडूनच म्हणाली, की थोडे जास्त पैसे गेले तर गेले, कंपनीचे घेऊन टाका. तो म्हणाला, घेतो, दोन दिवस बघतो. चहाच्या वाफेने त्याचा चष्मा धूसर झाला होता आणि तिला तो काढून पुसून द्यावासा वाटत होता… तिने दोन्ही हात पेल्याभोवती घट्ट धरून ठेवले. डिस्क घ्यायला या माणसाला एवढे दिवस लागतात, तिच्या मनात आलं, तर बाकीचं बोलायला किती लागतील? आणि ‘बाकीचं’ म्हणजे काय, हे स्वतःला विचारायचं तिने टाळलं.

मग तो बुधवार आला. पाऊस ओसरून ऊन पडलं होतं. भातखाचरांत लोंब्या फुटत होत्या आणि सगळ्या आंदर मावळावर त्या फुलोऱ्याचा कोवळा, गोडसर वास पसरला होता. कौमुदी टेकाडावर उभी राहिली. फोनवर काहीच नव्हतं.

प्रार्थना झाली. पहिला तास झाला. ती मुलांना शब्द लिहायला सांगून पुन्हा टेकाडावर गेली आणि तिने फोन लावला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही. बंद असता तर बरं झालं असतं. वाजणाऱ्या फोनशेजारी माणूस का नाही, याची शंभर चित्रं तिच्या डोळ्यांपुढे आली आणि सगळ्या चित्रांत ती खिंड होती. तिच्या पिशवीतून गेलेल्या त्या डिस्क होत्या.

मधल्या सुट्टीत नंदाबाईंनी तिच्यापुढचं ताट उचललं. “बाई, घासाला हात बी लावला न्हाई तुमी. घरी कोन आजारी हाय का?”

“नाही. घरी सगळे बरे आहेत.”

“मंजी घरचं न्हाई, भायेरचं हाय.” नंदाबाई तिच्याजवळ टेकल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “शाळा सुटली का आमाला फाट्यावर सोडा, आन तुमी जा. मनात भ्या घेऊन घरी जाऊन तरी काय करनार?”

कान्हे फाट्यावर नंदाबाई उतरल्या. तळेगावला डावीकडे वळायचं ते कौमुदी उजवीकडे वळली. कामशेत मागे पडलं, पवनानगरचा रस्ता लागला. डावीउजवीकडे तिला काही दिसत नव्हतं. दिसत होते फक्त रस्त्याकडेचे खड्डे, नाले, वाकलेले कठडे. कुठे चार माणसं जमलेली दिसली की ती गाडी मंद करून बघायची. एकदा ती माणसं शेळी विकत घेत होती. एकदा ती नुसतीच उभी होती.

कॅम्पसाइटच्या फाटकावर राखणदार बसला होता. त्याने सांगितलं, साहेब आज पायी आले, गाडी न्हाई आनली. आन आत्ताच परत खिंडीकडं गेले, पायीच.

पायी आले. म्हणजे आले! तिने पुढचं ऐकलंच नाही.

धरणाच्या कडेकडेने रस्ता वर चढायला लागला आणि पहिल्याच वळणावर तो दिसला. उन्हातून, हातात बूट घेऊन, लंगडत चालत होता. तिने गाडी त्याच्या पुढे नेऊन थांबवली, उतरली आणि तिच्या तोंडून निघालं,

“एक मेसेज करता येत नाही तुला?”

तुला. तो शब्द दोघांमध्ये तसाच उभा राहिला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसण्याइतकंही भान तिला नव्हतं.

श्रीयशने टाचा सोलून काढणारे ते बूट खाली ठेवले. मग अडखळत सांगितलं. सकाळी खिंडीच्या माथ्यावरच चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा करकर आवाज आला. त्याने गाडी तिथेच कडेला लावली, चाकांखाली दगड घातले आणि तो चालत खाली उतरला. एवढा घाबरला होता की फोन सीटवरच राहिला. कॅम्पवर पोचल्यापासून पाहुण्यांचा घोळका. वर जायला सवडच मिळाली नाही. राखणदाराच्या फोनवरून कळवावं म्हटलं, तर तिच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे आठवेनात.

“अंदाजाने दोघांना पाठवलं ‘उतरलो’ म्हणून,” तो म्हणाला. “एकाने विचारलं, कोण उतरलं? दुसऱ्याने लिहिलं, अभिनंदन.”

ती रडता रडता हसली, आणि हसल्याचा राग येऊन पुन्हा रडली. तो तिथेच उभा होता, हात पुढे करू की नको अशा अवस्थेत. शेवटी त्याने खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला. रुमालाला डिझेलचा वास येत होता. तिने तो घेतला.

ती त्याला गाडीत घालून माथ्यावर घेऊन गेली. त्याची गाडी मुकाट उभी होती. सीटवरचा फोन त्याने उचलला, आणि तिचंच नाव एकाखाली एक, एकाखाली एक दिसलं, तसा तो फोन त्याने दोन्ही हातांत धरला.

“बस,” कौमुदी म्हणाली. “आपण कामशेतला चाललोय. कंपनीच्या डिस्क आणि पॅड आज घ्यायचे. उद्या अंबाजींना घेऊन येऊ.”

“पण ताई म्हणाल्या होत्या, परवापर्यंत माल–”

“आज.”

तो बसला.

उतार सुरू झाला. दोन वळणं झाली आणि गाडीत जळका, उग्र वास भरला. कौमुदीने घाबरून ब्रेक दाबूनच धरला. श्रीयशने काच खाली केली, वास घेतला आणि शांतपणे सांगितलं, दुसरा गिअर टाका, ब्रेक दाबून धरू नका, थोडा दाबायचा आणि सोडायचा. खाली सपाटीला आल्यावर त्याने विचारलं, नवे पॅड बसवून घेतले का? ती म्हणाली, अंबाजींनी बसवले की. तसं नव्हे, तो म्हणाला. पॅड आणि डिस्क एकमेकांना नवे असतात, त्यांची ओळख करून द्यावी लागते. कोरडा, मोकळा रस्ता लागतो. तोवर पाऊसच होता, म्हणून राहिलं असेल. हा वास नव्या पॅडचाच आहे.

धरणाकाठचा रस्ता समोर मोकळा पडला होता. तो सांगत गेला, ती करत गेली. वेग घ्यायचा, मग ब्रेक घट्ट, एका दमात. गाडी मंदावली की पूर्ण थांबायच्या आत सोडायचा. पुन्हा वेग. प्रत्येक वेळी श्रीयश पुढे झुकायचा, पट्ट्यात अडकायचा आणि मागे टेकायचा. एका बाजूला पाणी चमकत होतं. सुरुवातीला ती बिचकत दाबत होती. मग पायाखाली काहीतरी बदलल्यासारखं वाटलं. ब्रेक धरायला लागला होता… तिने सांगितलं तेवढाच, सांगितलं तेव्हाच.

“तुम्हाला भीती नाही वाटत, मी असं चालवतेय त्याची?” तिने विचारलं. मघाचा ‘तू’ तिला आता आठवून लाज वाटत होती.

“वाटतेय,” तो म्हणाला. “पण उतरावंसं नाही वाटत.”

त्याने घसा साफ केला. आता कामशेतपर्यंत थांबायचं नाही, म्हणाला. डिस्क तापल्यात, गाडी उभी करून पॅड दाबून धरले तर डाग पडतील. वाऱ्याने निवू द्यायच्या. सावकाश चालत राहायचं फक्त.

पवनानगर मागे गेलं. दोन्ही अंगांना भात, तोच कोवळा वास. उतरतं ऊन तिच्या हातांवर पडलं होतं.

“एक बोलायचं आहे,” तो म्हणाला. “तुम्हाला आवडलं नाही, तरी मला खाली उतरवता येणार नाही.”

“म्हणून आत्ता बोलताय?”

“हो. नाहीतर मला जमायचं नाही.” तो समोर काचेकडे बघत होता. “मी चालत खिंड उतरलो ना सकाळी, तेव्हा पोचल्यावर पहिला हात खिशात गेला. फोन नव्हता. तर मला उतरल्यासारखंच वाटेना. दिवसभर वाटेना. म्हणजे… रोज मी कामावर जायला नाही उतरत आता. तुला सांगता यावं म्हणून उतरतो. मला तू आवडतेस, कौमुदी. माझं काहीच लवकर ठरत नाही, तुला माहीत आहे. हे ठरवावं लागलंच नाही.”

समोरून चाऱ्याची भरलेली ट्रॉली येत होती. कौमुदीने गाडी कडेला घेतली, ट्रॉली जाऊ दिली, पुन्हा रस्त्यावर आणली. मान वळवायची तिची हिंमत नव्हती. पुढे शाळकरी सायकली होत्या, मग एक वासरू, मग वळण.

बराच वेळ गेला.

“मी बोलायला नको होतं का?” त्याने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

“गाडी चालवू दे मला.”

तो शर्टाचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिला. कौमुदीला त्याच्या त्या बोटांची दया येत होती, पण तिला घाई करायची नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला पुढचं काही दिसत नव्हतं. उलटलेली बस नाही, तुटलेला कठडा नाही. फक्त रस्ता, आणि शेजारी तो.

कामशेतला दुकानासमोर तिने ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबली, एवढीशीही न थरथरता. तिने इंजिन बंद केलं.

श्रीयशने दाराला हात घातला. चाकं बघून येतो, म्हणाला, फार तापली नाहीत ना.

“चाकं नंतर. आधी मघाशी म्हणालास ते परत म्हण.”

“का?”

“मी रस्त्याकडे बघत होते. तुझा चेहरा दिसला नाही मला.”

त्याने चष्मा काढला, पुन्हा घातला. आणि म्हटलं. या वेळी दोनदा अडला, एक शब्द गिळला, पण तिच्याकडे बघून म्हटलं. कौमुदीने सगळं ऐकून घेतलं. मग पट्टा सोडला, आणि त्याने बोटाभोवती पुन्हा घट्ट गुंडाळलेलं शर्टाचं टोक हळूच सोडवून ते बोट आपल्या हातात धरलं. तिचाच हात गार पडला होता.

“मला भित्री माणसं आवडत नाहीत असं वाटायचं मला,” ती म्हणाली.

“आणि आता?”

दुकानाच्या पायरीवर राजेश्वरीताई येऊन उभ्या राहिल्या होत्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी गाडीत वाकून पाहिलं, आणि विचारलं, आत येताय, का ओढू शटर?

“येतो, ताई. दोनच मिनिटं,” कौमुदी म्हणाली, आणि तिने गाडीची काच वर केली.